गाडीची किंमत कोण भरतं?

भाऊबीजेच्या आदल्या रात्री पुतण्या पुण्याहून निलंग्याला आला. जेवणं झाल्यावर त्यानं माझ्यासमोर दोन कागद ठेवले. एक संमतीपत्राचा मसुदा होता : औराद रस्त्याला लागून असलेले दोन एकर विकायला माझी हरकत नाही, असा. दुसऱ्यावर एका गाडीचा रंगीत फोटो होता. पोर्शे, सेकंडहँड, दोनच माणसं बसतील अशी, छत उघडणारी. किंमत ७२ लाख.

"काका, जमीन माझ्या वाट्याची हाय," तो म्हणाला. "सातबारा सामाईक हाय मनून तुमची सही लागायलीय. बाकी काही नाही."

मी सही केली नाही आणि नकारही दिला नाही. 'बघू उद्या' म्हणून कागद कपाटात ठेवले. त्या 'उद्या'ला आता सात महिने होतील. या सात महिन्यांत मी स्वतःशी जो वाद घातला, तो इथे मांडतो आहे. बँकेत ३१ वर्षं कृषी अधिकारी म्हणून काढली. त्यातली बरीचशी लोकांना वाहनासाठी कर्ज द्यायचं की नाही हे ठरवण्यात गेली. म्हणजे हा प्रश्न माझ्या धंद्यातला होता. तरी तो सुटेना.

पुतण्या वाया गेलेला पोरगा नाही, हे आधी सांगायला हवं. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो, फ्लॅटचे हप्ते वेळेवर भरतो, आईला दर महिन्याला पैसे पाठवतो. दारू नाही, जुगार नाही. त्याला लहानपणापासून फक्त गाड्यांचं वेड. २००२ साली सचिन तेंडुलकरला फेरारी भेट मिळाली तेव्हा हा दहा वर्षांचा होता. वर्तमानपत्रातला तो लाल गाडीचा फोटो त्यानं कापून भाताच्या खळीनं भिंतीला चिकटवला होता. पुढे घराला रंग दिला तरी ती चौकोनी जागा तशीच सोडायला लावली.

त्या रात्री त्यानं मला मोबाइलवर गाडीचा आवाज ऐकवला. इंजिन सीटच्या मागे असतं, सहा सिलिंडर आडवे झोपवलेले असतात, म्हणून असा आवाज येतो, हे त्यानं इतक्या जीव तोडून सांगितलं की मला माझे वडील आठवले. ते बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांबद्दल असंच बोलायचे. आवाजावरून बैल कुणाचा ते ओळखायचे.

मी म्हणालो, "पण उपयोग काय रे हिचा?"

तो शांतपणे म्हणाला, "काका, ताईच्या लग्नात तुमी १४ लाख घातलाव. तीन दिवसांत संपले. तवा कुणी इचारलं का, उपयोग काय मनून?"

ताई म्हणजे माझी लेक. मला उत्तर देता आलं नाही.

त्यामुळे उपयोगाचा मुद्दा मी स्वतःच बाद केला. माणूस उपयोगासाठी खातो-पितो, बाकीचं आयुष्य हौशीवरच चालतं. गावातल्या नीलकंठेश्वराच्या देवळाच्या भिंतीवर ज्यानं दगडातून इतक्या मूर्ती काढल्या, त्यालाही कुणी विचारू शकलं असतं की साधी भिंत उभी केली असती तर पाऊस आत आला असता का?

मग दुसरा आक्षेप पुढे आला, जो आमच्याकडे फार सहज तोंडात येतो : दुष्काळी भागात असली श्रीमंती शोभते का? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तो उन्हाळा आम्ही विसरलेलो नाही. पण पुतण्यानं गाडी घेतली नाही म्हणून मांजरा धरणात पाणी वाढणार आहे का? आणि हा आक्षेप आपण नेहमी दुसऱ्याच्या हौशीवरच घेतो. आपली हौस दुष्काळातही शोभते. हाही मुद्दा मी सोडून दिला, निदान त्या रूपात.

तिसरा आक्षेप बँकवाल्याचा. मी वहीत हिशेब मांडला. अशी नवी गाडी आयात होते तेव्हा तिच्यावर सीमाशुल्कच मूळ किमतीएवढं किंवा त्याहून जास्त बसतं, म्हणजे पहिला मालक एका गाडीत दोन गाड्यांचे पैसे भरतो. त्यातले बरेच पैसे पहिल्या काही वर्षांत उडून जातात, म्हणून ती पुतण्याला ७२ लाखांत मिळते आहे. पण गाडीची किंमत घटली तरी तिच्या सुट्या भागांची घटत नाही. टायर, ब्रेक, क्लच हे सगळं नव्या महागड्या गाडीच्याच दरानं. विमा दरवर्षी. शहरात पेट्रोल पाण्यासारखं. दुरुस्ती पुण्या-मुंबईतच. गाडी जमिनीपासून जेमतेम चार-पाच इंच उंच, म्हणजे आमच्याकडचे गतिरोधक ओलांडताना दर वेळी देवाचं नाव घ्यायचं. त्याला एकदा गाडी निलंग्याला आणून आईला शेजारी बसवायचं आहे, देवळापर्यंत न्यायचं आहे. त्या एका फेरीत खालचा भाग घासला तर किती खर्च, तेही त्यानं काढून ठेवलं होतं. माझ्या वहीतला एकही आकडा त्याला नवा नव्हता. दोन आकडे तर माझेच चुकले होते, ते त्यानं दुरुस्त केले.

म्हणजे डोळे उघडे ठेवून, स्वतःच्या पैशानं, कुणाला त्रास न देता एक माणूस एक सुंदर वस्तू घेतो आहे. मग मला खुपतंय काय? तेव्हा मला दादाचा ट्रॅक्टर आठवला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, पुतण्याचे वडील. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या घराची एक भिंत पडली, माणसं वाचली. पण पंचक्रोशीत जे पाहिलं त्यानं दादा बदलला. आयुष्यभर काटकसर केलेला माणूस म्हणायला लागला, "राखून ठिवून काय करायचं? माळवद डोक्यावर पडतंय अन् राखलेलं समदं मातीत." १९९७ साली त्यानं ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं.

आम्हाला प्रशिक्षणात शिकवायचे की ट्रॅक्टर परवडायला वर्षाला हजार तास चालला पाहिजे. दादाकडे जमीन इतकी कमी की स्वतःच्या शेतात तो दोनशे तासही चालला नसता. बाहेरची कामं मिळतील असं आम्ही धरलं, पण तेव्हा गावात आधीच चार ट्रॅक्टर होते. कर्जाला किमान बागायत जमिनीची अट असायची. चुलतभावांची जमीन जोडून ती कशी पुरी करायची, हे दादाला मी सांगितलं. कर्ज माझ्या शाखेतलं नव्हतं, पण कागद जुळवणारा मी होतो.

ट्रॅक्टर आला त्या दिवशी दादानं त्याला हार घातला आणि पूर्ण गावातून फिरवला. वरातीला, जत्रेला तो पुढे. पावसाळ्यात स्वतःच्या अंगावर पोतं घेऊन दादा ट्रॅक्टरवर ताडपत्री टाकायचा. आता विचार करतो तेव्हा वाटतं, ती आमच्या गल्लीतली फेरारीच होती. आणि हे केवळ उपमेपुरतं नाही. लँबोर्गिनी या नावाची सुरुवातच ट्रॅक्टरपासून झाली. फेरुच्चो लँबोर्गिनी हा इटलीतल्या शेतकरी घरातला माणूस. दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेल्या लष्करी सामानातून त्यानं ट्रॅक्टर बनवायला घेतले, त्यात पैसा केला आणि १९६३ साली मोटारींची कंपनी काढली. शेतातलं यंत्र आणि हौशीचं यंत्र यांच्यात आपण समजतो तेवढं अंतर नसतं.

तर दादाच्या ट्रॅक्टरचे हप्ते थकले. वहिनीच्या पाटल्या गेल्या. बैलजोडी तर आधीच विकली होती. आणि १९९९ साली पुतणी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला लातूरला अकरावी सायन्सला जायचं होतं. तेव्हा लातूर पॅटर्नचा बोलबाला होता, आमच्या भागातला प्रत्येक हुशार पोरगा तिकडे धावत होता. खोली, मेस, क्लास यांचा खर्च आणि ट्रॅक्टरचा सहामाही हप्ता एकाच महिन्यात आले. पुतणीला निलंग्यातच ठेवलं आणि एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न लावलं. ती काही बोलली नाही. तिला कुणी विचारलंही नाही. मी त्या बैठकीत होतो.

दादाच्या ट्रॅक्टरची किंमत बँकेच्या खात्यात एक होती आणि प्रत्यक्षात दुसरी. दुसरी ज्यांनी भरली, त्यांचं नाव कर्जाच्या कागदावर कुठेच नव्हतं. हे लक्षात आल्यावर माझा प्रश्न बदलला. गाडीची किंमत किती, हे विचारणं मी थांबवलं आणि ती कोण भरतं, हे विचारायला लागलो. मग जुन्या, सगळ्यांना ठाऊक असलेल्या तीन गोष्टी वेगळ्या दिसू लागल्या.

पहिली, पुतण्याच्या भिंतीवरच्या त्या फेरारीची. सचिननं २९ कसोटी शतकं करून ब्रॅडमनची बरोबरी केली, म्हणून त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली आणि मायकेल शूमाकरच्या हस्ते चावी मिळाली. इथवर सगळे खूश होते. गाडी भारतात आणायची वेळ आली तेव्हा सुमारे १ कोटी १३ लाखांचं सीमाशुल्क पुढे आलं. सरकारनं ते माफ केलं आणि लोक चिडले. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, शेवटी ते शुल्क फियाट कंपनीनं भरलं. त्या वेळी मी चिडणाऱ्यांवर चिडलो होतो. एवढा मोठा खेळाडू, एक गाडी ती काय! आज वाटतं, लोकांचं बरोबर होतं. सचिननं फेरारी चालवण्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. प्रत्येकाला ती त्याच्याच हातात बघायची होती. तक्रार एवढीच की तिचं शुल्क आमच्या खिशातून का? पुढे २०११ मध्ये सचिननं ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. स्वप्नातली वस्तूही एक दिवस दारातून जाते, हे त्या पोराला तेव्हा फार लागलं होतं.

दुसरी गोष्ट आमच्या मराठवाड्यातली. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज एका झटक्यात घेतल्या. ६५ कोटींचा व्यवहार. मागास म्हणून हिणवलेल्या शहराचं नाव देशभर झालं आणि खरं सांगतो, मलाही बरं वाटलं. घेणारे कर्तबगार होते, पैसे त्यांच्या कष्टाचे होते. पण सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकेनं त्यासाठी ४० कोटींहून जास्त कर्ज दिलं, ते ७ टक्के व्याजानं. त्याच सुमाराला ट्रॅक्टरचं कर्ज १२ टक्के आणि त्याहून महाग होतं. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून दाखवले. आम्ही बँकवाल्यांनी चहाच्या टेबलावर त्याचं समर्थन केलं : जोखीम कमी, परतफेड खात्रीची, घाऊक व्यवहार. हिशेबानं ते खोटं नव्हतं. पण मी दुपारी एका शेतकऱ्याला त्याचा व्याजदर समजावून सांगायला बसलो तेव्हा मान वर करून बोलता येईना. ज्याची ऐपत जास्त त्याला पैसा स्वस्त, ही रीत आम्हीच पाळत होतो. महाराष्ट्रात एकरकमी वाहनकरालाही कमाल मर्यादा आहे. ती २० लाखांची होती, २०२५ मध्ये ३० लाख झाली. म्हणजे गाडी एका मर्यादेपलीकडे महाग झाली की कर वाढायचा थांबतो. दुचाकी घेणाऱ्याच्या वाट्याला अशी मर्यादा कधी येत नाही.

तिसरी गोष्ट पुण्यातली, पुतण्याच्या घरापासून काही किलोमीटरवरची. १९ मे २०२४च्या मध्यरात्रीनंतर कल्याणीनगरमध्ये एका पोर्शेनं मोटरसायकलला धडक दिली आणि विशीतले दोन तरुण इंजिनिअर, एक मुलगा आणि एक मुलगी, जागीच गेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असा आरोप आहे. त्याला काही तासांत जामीन मिळाला, त्यात अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायची अट होती. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. खटल्याचं काय ते न्यायालय ठरवेल. मला त्यातली एक बारकी गोष्ट विसरता येत नाही. ती कोटीच्या वरची गाडी कायमची नोंदणी न होताच रस्त्यावर होती, कारण १,७५८ रुपयांची फी भरायची राहिली होती. विजेवर चालणारी म्हणून तिला रस्ता कर माफ होता, भरायचे होते ते एवढेच.

कोटी द्यायला हात आखडला नाही आणि १,७५८ राहून गेले, याचं कारण कंजूषपणा नसावा. मला वाटतं, एवढी मोठी रक्कम एकदा मोजली की माणसाला आपण सगळं चुकतं केलं असं वाटायला लागतं. आता जगाचं आपल्याकडे काही निघत नाही, अशी भावना होते. वस्तू जितकी महाग, तितकी ही भावना पक्की. दादालाही तसंच वाटायचं. हप्ता भरला की छाती काढून फिरायचा. पाटल्या आणि लातूर त्याच्या हिशेबात कधी आलेच नाहीत. तो वाईट माणूस नव्हता.

म्हणून मला आता असं वाटतं की हौशीला विरोध करायचं कारण नाही. हौस करणाऱ्यानं तिची पूर्ण किंमत स्वतः भरावी, एवढंच मागता येईल. आणि पूर्ण किंमत कधीच आधी कळत नाही, हेही खरं. रस्त्यावर उतरलेली प्रत्येक गाडी, माझी जुनी स्कूटरसुद्धा, अनोळखी माणसांना न विचारता थोडी जोखीम त्यांच्या वाट्याला देतेच. तेवढ्यानं सगळ्यांनी घरी बसावं असं होत नाही. पण जे लोक डोळ्यासमोर आहेत, ज्यांची नावं आपल्याला माहीत आहेत, त्यांना तरी विचारता येतं.

हे इथवर आल्यावर मी कपाटातून तो मसुदा पुन्हा काढला. दादा २०१९ मध्ये गेला. आमच्या तोंडी वाटणीत ते दोन एकर दादाच्या बाजूचे, पण वारस म्हणून सातबाऱ्यावर तीन नावं लागली आहेत : वहिनी, पुतण्या आणि पुतणी. मसुद्यात खाली चार सह्यांच्या जागा होत्या. माझी चौथी. पुतणीच्या नावापुढे पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'भाऊबीजेला घेणे'.

'माझ्या वाट्याची जमीन', पुतण्या म्हणाला होता. जमिनीचे ४० लाख येणार होते. त्यातला त्याचा वाटा तिसरा हिस्सा, म्हणजे साडेतेरा लाखांच्या आत. उरलेले साडेसव्वीस लाखांहून जास्त त्याच्या आईचे आणि बहिणीचे. तो खोटं बोलत नव्हता. आमच्याकडे बहिणीनं हक्कसोड करून द्यायची, साडी घ्यायची आणि माहेर शाबूत ठेवायचं, हे इतकं ठरलेलं आहे की त्याला तो दुसऱ्याचा पैसा वाटतच नव्हता. मलाही वाटला नसता, जर ट्रॅक्टर आठवला नसता. कायदा कधीच बदललाय, हे मी बँकेत बसून शेकडो खातेदारांना सांगितलं असेल. स्वतःच्या घरात एकदाही नाही.

भाऊबीजेला पुतणी आली तेव्हा मी पुतण्याला म्हटलं, आज सही नको. नंतर मी एकटाच उदगीरकडे तिच्या सासरी गेलो. तिनं चहा ठेवला. मी रक्कम सांगितली. ती म्हणाली, "किती?" मी पुन्हा सांगितली. तिला आकडा कुणी सांगितलाच नव्हता.

मी सांगायला नको होतं ते सांगून बसलो. १९९९ची ती बैठक, मी तिथं होतो, गप्प बसलो. ती म्हणाली, "काका, मला ठाव हाय. मी दाराआड हुते."

दोन दिवसांनी तिचा फोन आला. तिला तिचा वाटा हवा होता. मी म्हणालो, बरं. आणि सवयीनं विचारलं, "काय करणार पैशाचं?"

ती हसली. "त्याला इचारलाव तसं मलाबी इचारायलाव? बघीन की. मलाबी काहीतरी वाटंल."

वहिनी म्हणाल्या, माझं काय ते लेकाला. तो त्यांचा निर्णय. मी त्यांना तीनदा विचारलं, तीनदा त्यांनी तेच सांगितलं.

पुतण्या रागावला. दोन महिने त्याचा फोन नाही. बहिणीवर नाही, माझ्यावर. मी त्याच्या स्वप्नात माती कालवली, असं तो आईजवळ म्हणाला. त्यात तथ्य आहे. त्याच्या बापाच्या वेळी मी कागद जुळवून दिले होते, त्याच्या वेळी अडवले. त्याला हा न्याय कसा वाटावा? माझं प्रायश्चित्त मी त्याच्या खर्चानं घेतलं, असं त्यानं म्हटलं तर मी काय उत्तर देणार?

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. ती राखाडी गाडी केव्हाच विकली गेली. आता तो आणखी जुन्या, स्वस्त गाडीच्या शोधात आहे. आईचा वाटा घ्यायचा की नाही, ते त्याचं ठरत नाही. म्हणाला, "काका, तुमी इचार करायला लावलाव, ती लई वाईट सवय हाय." मग त्यानं नव्या गाडीचा आवाज ऐकवला. मला त्या दोन आवाजांतला फरक कळला नाही, पण ऐकत राहिलो.

नवा मसुदा तयार आहे. त्यात पुतणीची रक्कम तिच्या नावानं, तिच्या खात्यात अशी लिहिली आहे. सही करायला ती स्वतः येणार आहे. मीही करीन.